समुद्राकडे तोंड, सरकारकडे पाठ

नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे कळंबला आलं, की सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसतो आणि इथे आपलंही काहीतरी असावं असं माणसाला वाटू लागतं. ही भावना उदात्त आहे. तिला सातबारा लागत नाही. शहाणी माणसं आधी जमीन घेतात, मग घर बांधतात. सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर कॉटेज उभारणारा आधी व्हरांडा बांधतो. बाकीचं शासन बघून घेईल, अशी त्याची श्रद्धा असते.

त्याच्याहून थोर एकच माणूस: त्या कॉटेजची किंमत काढणारा व्हॅल्युअर. ही मंडळी १९५७ च्या संपत्ती कर कायद्याखाली नोंदली जात आली. कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला, नोंदणी राहिली. पाया काढून घेतल्यावरही ज्याचं पद उभं राहिलं, त्याच्याइतका या कामाला लायक दुसरा कोण?

त्याची पद्धत पाहण्यासारखी असते. पत्रे, वासे, फरशी मोजायची आणि घसारा वजा करायचा. हे कोणीही करील. खारा वारा पत्र्यांचा घसारा आधीच काढून ठेवतो. खरी कला जमिनीपाशी. ती शासनाची. परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण टाकायची नाही, वापर बदलायचा नाही. केलंत तर शर्तभंग. व्हॅल्युअर या अटी नीट वाचतो, मान डोलावतो आणि रेडी रेकनर उघडून मोकळ्या मालकीच्या प्लॉटचा दर लावतो. दोन्ही प्लॉट सारखेच की! फरक फक्त मालकाचा.

पट्ट्याची वर्षं किती उरली, हे विचारणं कोतेपणाचं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा १९१४ चा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, पण घोडे धावत राहिले. तोडगा निघायला २०२४ उजाडलं. घोड्यांना लाभलं ते कळंबच्या कॉटेजला का लाभू नये? म्हणूनच अहवालातला सगळ्यात मोठा आकडा विटांचाही नसतो नि जमिनीचाही नसतो. तो सरकारच्या विसराळूपणाचा असतो, आणि त्याला घसारा लागत नाही.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम ५३ आहे. मुदत संपल्यावर किंवा अटी मोडून सरकारी जागेवर बसलेल्याला जिल्हाधिकारी सरळ उठवू शकतात. पण एवढ्या जुन्या कलमाने नव्या रंगाच्या कॉटेजचा मूड का घालवावा?

किनारा नियमनाचंही तेच. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणायची वाट मोकळी केली. आपला गाव कोणत्या वर्गात मोडतो हे न बघताच मालकाने पेढे वाटले. समुद्र अधिसूचना वाचत नाही. तो पावसाळ्यात पुढे सरकतो नि किनाऱ्यावरची सुरूची झाडं मुळांसकट आडवी करतो. अहवालात त्याची नोंद होते: 'समुद्राचं दृश्य आता विनाअडथळा'. त्यासाठी दर थोडा वाढवलेलाही असतो.

शेवटच्या पानावर बारीक टायपात एक वाक्य असतंच: मालकीहक्क निर्वेध असल्याचे गृहीत धरले आहे. त्याखाली सही, शिक्का आणि फीची पावती. फी मात्र गृहीत धरलेली नसते. ती आगाऊ घेतलेली असते.