सेटपराव

सेटपरावांची गाडी आजवर एकदाही सेटपरावांच्या चुकीने भिंतीवर गेलेली नाही. कधी पुढचा अँटी-रोल बार कडक होता, कधी मागचे टायर गार होते, कधी डिफरन्शियलचा प्रीलोड जास्त होता. एकदा तर वाऱ्याचा दोष निघाला. स्टिअरिंगमागचा माणूस मात्र कायम निर्दोष.

दिवसा हेच गृहस्थ एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम तपासतात. समोरचा काकुळतीने सांगत असतो, "साहेब, ब्रेक मारला, पण गाडी वळलीच नाही हो." सेटपराव चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितात, ‘चालकाचा निष्काळजीपणा’.

रात्री दहानंतर ते बेल्जियममध्ये असतात. म्हणजे देहाने कोथरूडच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर भंगारातून आणलेली खऱ्या मोटारीची सीट आहे, समोर स्टिअरिंग, पायाशी लोड सेलचं ब्रेक पेडल आणि डाव्या हाताला कपडे धुण्याचं मशीन. मशीन स्पिनला आलं की सीट थरथरते आणि सेटपराव खूश होऊन म्हणतात, "कर्बचा फील बघा कसा येतोय!"

त्यांचा गेम ‘असेटो कोर्सा कोंपेटित्सिओने’. इटलीच्या कुनोस कंपनीचा, 2019 सालचा. त्यात जीटी थ्री वर्गाच्या गाड्या आणि आर्देनच्या जंगलातला स्पा-फ्रँकोरशाँचा 7.004 किलोमीटरचा ट्रॅक. यात एका लॅपला चांगल्या चालकाला 2 मिनिटं 17-18 सेकंद लागतात. सेटपरावांना किती लागतात ते विचारू नये, कारण उत्तर ‘सध्याच्या सेटपला’ या शब्दांनी सुरू होतं आणि लवकर संपत नाही.

गेम प्रत्येक गाडीसोबत दोन तयार सेटप देतो, एक ‘सेफ’ आणि एक ‘अ‍ॅग्रेसिव्ह’. सेटपरावांच्या दृष्टीने ही दोन्ही भिडस्त लोकांसाठी केलेली सोय आहे. त्यांचा खरा संसार आतल्या पानांवर. टायर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल ग्रिप, डॅम्पर, एरो. रात्रभर तंबोराच जुळवत बसलेल्या गवयाप्रमाणे ते कॅम्बर एक दशांशाने उतरवतात, टो एक टिचकी चढवतात, डोळे मिटून मान हलवतात. शर्यत सुरू व्हायला अर्धं मिनिट उरलेलं असतं.

विद्येत माणूस कच्चा नाही, हे सांगायला हवं. कुणी नवखा म्हणाला, "गाडी वळत नाही," तर ते आधी विचारतात, "वळणात कुठे? शिरताना, मध्यात, की निघताना?" आणि हा प्रश्न अगदी योग्य आहे. शिरताना नाक बाहेर जात असेल तर ब्रेक बायस थोडा मागे घ्यावा. मध्यात जात असेल तर पुढचा बार किंवा स्प्रिंग मऊ करून पाहावी. निघताना शेपूट सुटत असेल तर डिफ आणि ट्रॅक्शन कंट्रोलकडे बघावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, चार-पाच लॅप माराव्यात, मग दुसरी. हे सगळं ते दुसऱ्याला पटवून देतात आणि स्वतः एका दमात पाच गोष्टी बदलतात. गाडी सुधारली तर कशाने, बिघडली तर कशाने, हे देवालाही सांगता येऊ नये अशी व्यवस्था.

परवाचीच रात्र घ्या. स्टार्टनंतर लगेच ला सोर्सचा उजवा हेअरपिन येतो. तिथे नाक आत येईना. सेटपरावांनी पुढचा बार मऊ केला. नाक आलं, पण पूहॉनच्या वेगवान डाव्या वळणात शेपूट सुटू लागलं. मग मागचा विंग वाढवला. शेपूट बसलं, पण केमेलच्या सरळ रस्त्यावर मागच्या दोघांनी आरामात ओव्हरटेक केलं. विंग उतरवला. शेपूट पुन्हा सुटलं. तेव्हा पुढचा बार कडक केला. पहाटे दोन वाजता सगळे आकडे फिरून बरोबर तिथे आले जिथे कुनोसच्या इटालियन मंडळींनी ते मुळात ठेवले होते. सेटपरावांनी तो सेटप ‘स्पा नक्की फायनल’ नावाने सेव्ह केला आणि कृतार्थ होऊन झोपले.

वहिनींना या परिभाषेची आता सवय झाली आहे. भाजी निवडता निवडता त्या विचारतात, "आज पुढून गेली की मागून?"

"पुढून. ला सोर्सला."

"अहो, ब्रेक उशिरा मारत असाल."

वहिनी रोज कर्वे रस्त्यावरून स्कूटर नेतात. टायरकडे पकड ठरावीक असते, ती सगळी ब्रेकला खर्च केली की वळायला उरत नाही, हे त्यांना कोणत्याही मेनूशिवाय ठाऊक आहे. सेटपरावांनी यावर जे स्मित केलं ते क्लेमच्या टेबलावरचंच होतं.

मग त्यांनी मोटेक उघडलं. हे ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर खऱ्या शर्यतीतले इंजिनिअर वापरतात, आणि गेममधल्या प्रत्येक लॅपची नोंदही त्यात पाहता येते. स्टिअरिंगचा कोन, टायरचं तापमान, सस्पेंशनची हालचाल. सेटपराव डॅम्परच्या आलेखात तासभर बुडालेले असतात. त्याच पडद्यावर ब्रेकचीही एक रेघ असते. तिच्याकडे बघणं त्यांना, का कोण जाणे, खासगी बाबीत डोकावल्यासारखं वाटतं.

टायरच्या हवेबाबत तर ते कर्मठ आहेत. तापलेल्या टायरमध्ये 26 ते 27 पीएसआय हवंच. ट्रॅक एक अंशाने गार झाला की प्रेशर एक टिचकी वाढवायचं. घरची गाडी मात्र दिवाळीपासून डावीकडे ओढते, तर हे उजव्या हाताने ती धरून ठेवतात. हवा भरणाऱ्या पोराने "किती टाकू?" विचारलं की म्हणतात, "टाक तीस-बत्तीस, काय ते."

गेल्या रविवारी त्यांचा भाचा आला होता. अकरावीतला मुलगा. मामा चहाला उठले तेवढ्यात तो सीटवर बसला आणि तिसऱ्या लॅपला 2 मिनिटं 19 सेकंद लावून मोकळा झाला. मामांपेक्षा चार सेकंदांनी कमी. मामा कप घेऊन आले, पडद्याकडे बघितलं, आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाले, "कुठला सेटप लावलास?"

"तुमचाच, मामा. लोड केलेलाच होता. मी हात नाही लावला."

मला वाटलं, आता तरी. पण सेटपरावांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "अगं ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "सेटप बरोबर होता! चार सेकंद होते त्यात!"

आणि भाच्याला उठवून स्वतः बसले. ला सोर्सला गाडी सरळ बाहेर गेली. त्यांनी शांतपणे मेनू उघडला. "तू चालवलीस तेव्हा ट्रॅक 26 अंश होता. आता 24 झालाय," ते म्हणाले. "चारही टायरना दोन-दोन टिचक्या वाढवतो, मग बघ."