मधूनच लागणारा दिवा

डॅशबोर्डवर लागलेला दिवा आपोआप विझला की गाडीमालकाला जो आनंद होतो, तो साधारणपणे बिल माफ झाल्याचा असतो. कायम जळणारा दिवा बिचारा सरळमार्गी. तो लागला की निर्णय झालेलाच असतो, गाडी गॅरेजला न्यायची. छळतो तो मधूनच लागणारा. सोमवारी दिसतो, मंगळवारी नसतो, गुरुवारी पावसात पुन्हा दर्शन देतो आणि मेकॅनिकच्या दारात गाडी उभी केली की असा गुडूप होतो, की मालकच खोटारडा ठरावा. अशा दिव्याबद्दलचा सर्वमान्य सिद्धांत म्हणजे, दिवा गेला की दुखणंही गेलं. मला तर तो जळत्या दिव्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. काय बिघडलंय यासोबत ते केव्हा बिघडतं, हेही तो सांगत असतो. आपण मात्र तो विझल्याची वेळ तेवढी आनंदाने लक्षात ठेवतो.

लाल रंगातली, चोचीतून थेंब गळणारी तेलाची बुधली घ्या. घाटातल्या वळणावर ती क्षणभर चमकते आणि गाडी सरळ झाली की विझते. बाजूला बसलेले काका म्हणतात, "वायरिंगचा प्रॉब्लेम. काही होत नाही." बॉनेटखाली काय चाललेलं असतं? इंजिनाच्या तळाच्या टाकीत ऑइल कमी झालेलं असतं. वळणावर ते एका कडेला धावतं, पंपाची नळी उघडी पडते, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, दाब कोसळतो आणि दिवा लागतो. वळण संपलं की ऑइल पुन्हा जागेवर येतं. विझल्याने टाकीत थेंबभरही वाढलेलं नसतं. तोच दिवा सिग्नलला, इंजिन तापून मंद फिरत असताना लुकलुकला आणि ॲक्सिलरेटर दाबताच गेला, तर पातळ झालेलं ऑइल, झिजलेले बेअरिंग किंवा दमलेला पंप यांचा संशय घ्यावा. वंगणाविना धातूवर धातू घासायला लागला की इंजिनाचा निकाल काही मिनिटांत लागू शकतो. म्हणून इथे चर्चा नको. गाडी कडेला, इंजिन बंद, थोडं थांबून डिपस्टिक पाहायची. ऑइल भरपूर असूनही दिवा येत असेल, तर गाडी टो करून न्यायची. ब्रेकचा लाल दिवाही याच घराण्यातला. पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळी उतरते, मग उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते हेलकावतं आणि टाकीतला तरंगता गोळा खाली जाऊन दिवा लागतो. हाच दिवा हँडब्रेकलाही असल्यामुळे मंडळी हँडब्रेकची दांडी दोनदा वरखाली करतात, आणि तोवर सपाटी आलेली असल्यामुळे दिवा विझतो. दांडीचा महिमा सिद्ध होतो.

पिवळा इंजिनाचा दिवा जास्त मुरलेला. भारतातल्या गाड्यांत 2010 ते 2013 या काळात टप्प्याटप्प्याने आलेली तपासणीव्यवस्था तो चालवते, आणि बहुतेक बिघाडांत तिचा संगणक ऐकीव माहितीवर दिवा लावत नाही. गाडी चालवण्याच्या पहिल्या फेरीत दोष दिसला तर गुपचूप नोंद, लगेचच्या दुसऱ्या फेरीतही दिसला तर दिवा. पुढच्या सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की नियमाप्रमाणे तो विझवला जातो, मात्र बिघाडाचा कोड पुढे बराच काळ संगणकाच्या स्मरणात राहतो. म्हणजे तुम्ही पेढे वाटत असता तेव्हा संगणकाकडे तक्रार जशीच्या तशी असते. हा दिवा भकभक उघडझाप करू लागला तर मात्र फेऱ्या मोजू नयेत. तेव्हा पेट्रोल सिलिंडरमध्ये नीट जळत नसतं, ते पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा डबा आतून वितळू शकतो. स्थिर पिवळा दिवा, अगदी येऊन-जाऊन असला तरी, आठवडाभरात स्कॅनर लावण्याइतका तातडीचा. त्याहून जास्त नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, "फक्त सेन्सर गेला असेल." असेलही. पण चाकाजवळच्या सेन्सरवर पावसाळी चिखल बसून एबीएसचा दिवा लागतो तेव्हा एबीएसही रजेवर जातं. ब्रेक लागतात, फक्त ओल्या रस्त्यावर चाकं जागीच जाम होऊ शकतात. एअरबॅगचा दिवा सीट मागेपुढे केल्यावर येत-जात असेल, तर सीटखालचा प्लग पाहावा. तिथे कोंबलेली छत्री बऱ्याचदा दोषी असते. आणि उंदराने अर्धवट कुरतडलेली तार? खड्ड्यात सुटते, पुढच्या खड्ड्यात चिकटते. महाराष्ट्रात तिला दोन्ही संधी मुबलक.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: दिवा दाखवायला गेलं की सर्व्हिस सेंटरवाले पाच पार्ट बदलून देतात. त्यावर उपाय म्हणजे आधी कोड मागून घ्यावा आणि लिहून ठेवावा. पी0171 आला तर इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय, एवढंच कळतं. त्यामागे फाटलेली रबरी नळी असेल, मळलेला सेन्सर असेल किंवा थकलेला पेट्रोलपंप. कोडवर तक्रार असते, आरोपीचं नाव नसतं. तरीही नळीकडे न पाहता थेट पंपाचं एस्टिमेट हातात आलं, तर दुसरं गॅरेज शोधावं. अनेक गाड्यांत दोषाच्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान आणि भारही नोंदलेला असतो. म्हणून "बॅटरीची तार काढून पुन्हा लावा, सगळं जाईल" हा शेजारधर्मी सल्ला घातक. सगळं जातं हे खरं, आणि पहिल्यांदा जातो तो पुरावा.

सगळ्याच दिव्यांना मेकॅनिक लागतो असंही नाही. डिसेंबरात नाशिकला पहाटे टायरच्या हवेचा दिवा लागतो आणि गाडी पंधरा-सोळा किलोमीटर पळाली की विझतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने घटतो. चारही टायरांत हवा भरून घ्यावी, पेट्रोलपंपावरचा पोरगा पुरे. एकच टायर पुन्हा पुन्हा बसत असेल तर पंक्चरवाला.

संशय खरा घ्यायचा तो कधीच न लागणाऱ्या दिव्याचा, विशेषतः जुनी गाडी विकत घेताना. चावी फिरवली, इंजिन सुरू व्हायच्या आधी, की ऑइल, बॅटरी, इंजिन, एअरबॅग या सगळ्यांचे दिवे एकदा लागायलाच हवेत. तिथे एखादी जागा काळीच राहिली, तर तो बल्ब गेलेला असतो किंवा कुणीतरी मेहनतीने काढलेला असतो. मालक सांगत असतो, "साहेब, सहा वर्षांत एक दिवा लागला नाही गाडीचा." त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा, आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.