केसाळ हात आणि एकवीस अपेक्षित

दहावीला ‘एकवीस अपेक्षित’ घरात आणायचं आणि पाहुणे आले की त्यावर पाठ्यपुस्तक ठेवायचं, ही आपली जुनी रीत. त्यामुळे अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेलेली मराठी मुलंही गाईड घेताना उगाच ओशाळतात. माझ्या मते तिथे लाजायचं झालंच तर कॉलेजांनी लाजावं. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हे गृहस्थ १८७० साली हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी करारांच्या कायद्यावर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात कायदा असा सरळ सांगितलेलाच नव्हता. होते ते जुन्या खटल्यांचे निकाल. नियम त्यातून विद्यार्थ्याने हुडकायचा. कॉलेजं आजही अशाच पुस्तकांतून, म्हणजे केसबुकांतून, शिकवतात. एका कोलंबसाने अमेरिका शोधली, दुसऱ्याने तिचा कायदा दडवून ठेवला.

हुडकणं म्हणजे काय, ते हॉकिन्स विरुद्ध मॅगी या न्यू हॅम्पशायरच्या १९२९ च्या निकालात दिसतं. डॉक्टरांनी मुलाच्या भाजलेल्या तळहातावर छातीची कातडी लावली, हात शंभर टक्के चांगला करून देतो म्हणाले, आणि तळहातावर केस उगवले. वर्गात त्यावर प्रश्नांची सरबत्ती होते. हे वचन होतं की नुसता धीर? दुखलं-खुपलं त्याचे पैसे मिळतील का? तास संपतो तेव्हा डोक्यात केस तेवढे राहतात, नियम निसटलेला असतो. कबूल केलेला हात आणि पदरात पडलेला हात यांच्या किमतीतला फरक म्हणजे भरपाई, एवढं एक वाक्य! ते गाईडात मिळतं. गंमत अशी की वेस्ट प्रकाशन केसबुकंही विकतं आणि ‘नटशेल’ नावाची गाईडंही. दुखणं आणि औषध एकाच दुकानात!

यावर प्राध्यापक म्हणतात, आयतं खाऊन डोकं चालवायची सवय जाते. पण बहुतेक विषयांत सत्राच्या शेवटी एकच मोठी परीक्षा असते. तिथे एक रचलेली, अपघातांनी आणि फसवणुकींनी गच्च भरलेली गोष्ट देतात आणि विचारतात, कोण कुणावर दावा करू शकेल? नियम कसा हुडकला, हे कुणी विचारत नाही. तो लावून दाखवायचा असतो. म्हणूनच नुसत्या सारांशाच्या गाईडपेक्षा प्रश्न घालून उत्तरं समजावणारं गाईड घ्यावं. दिवाणी प्रक्रियेवरचं जोसेफ ग्लॅनन यांचं त्या जातीचं आहे, आणि ते स्वतः प्राध्यापकच आहेत. तेव्हा आळसाचा आरोप जरा जपून केलेला बरा.

मग केसबुक रद्दीत घालावं का? तेही नको, कारण पेपर ग्लॅनन काढत नाहीत, आपले सर काढतात, आणि सरांचे लाडके मुद्दे वर्गातच कळतात. प्रत्येक विषयाची तीन-तीन गाईडं घेणाऱ्यांनी तर पिअर्सन विरुद्ध पोस्ट हा १८०५ चा कोल्ह्याचा खटला पुन्हा वाचावा. नुसता पाठलाग केल्याने कोल्हा आपला होत नाही, असं न्यूयॉर्कच्या कोर्टाने तेव्हाच सांगून ठेवलंय. जो विषय खरोखर अडतो त्याचं एक गाईड पुरे. त्याच सरांकडे शिकलेल्या सीनियरची टिपणं त्याहून सरस, मात्र सरांनी मधल्या काळात पुस्तक बदललेलं नाही ना, ते पाहून घ्यावं. आणि सगळ्यांत सरस म्हणजे त्याच सरांचे जुने पेपर, जे पुष्कळ कॉलेजांच्या लायब्ररीत सापडतात. पण ते फुकट असल्यामुळे त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.