हयातीचा दाखला आणि मरणाचा बॉण्ड

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत, अठ्ठावन्न पूर्ण करून जिल्हा परिषदेच्या शाळेतून हारतुरे आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेल्या गुरुजींपुढे पहिला बिकट प्रश्न विम्याचा असतो. हप्ते भरत राहायचे की थांबायचं? शास्त्रशुद्ध रीत अशी : प्रथम स्वतःच्या मृत्यूची तारीख निश्चित करावी. ती दोन-चार वर्षांत असेल तर विमा चालू ठेवणं अत्यंत फायद्याचं, ऐंशीच्या पुढे असेल तर तोट्याचं. तारीख ठरत नसेल (बहुतेकांची ठरत नाही, एवढंच या रीतीत वैगुण्य आहे) तर दुसऱ्या रीतीकडे वळावं. तीत आपण कधी जाणार हे विचारायचंच नसतं. आपण गेल्यावर घरात दरमहा किती रुपये कमी येतील, एवढंच विचारायचं. विमा जिवाचा म्हणतात, पण भरपाई होते ती कमाईची.

म्हणून वही-पेन्सिल घ्यावी. दरवर्षी नोव्हेंबरात गुरुजी आपण जिवंत असल्याचा दाखला देतात तेव्हा पेन्शन चालू राहते; विम्याचे पैसे मात्र नेमक्या उलट दाखल्यावर मिळतात. शेवटचं मूळ वेतन 80,000 धरलं तर पेन्शन त्याच्या निम्मी, 40,000. गुरुजींच्या मागे काकूंना, ते निवृत्तीनंतर लवकर गेले तर सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने आणि एरवी मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 24,000, कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. महागाई भत्ता दोन्हीकडे आहे, तो सोडून देऊ. खड्डा पडतो महिना 16,000 चा. तो बुजवायला कपाटात आहे दोन लाखांची जुनी पॉलिसी. बोनस धरून चार लाख हाती आले असं उदारपणे मानू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2025 च्या 8.2 टक्के दराने त्याचे वर्षाला 32,800 होतात, महिन्याला 2,733. तेव्हा ‘बायकोसाठीच तर भरतोय’ असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा बायकोला वाचून दाखवावा. हप्त्याची रक्कम त्याच योजनेत दोघांच्या नावे साठवली तर ती काकूंना मिळायला कोणी मरावं लागत नाही.

शेतकऱ्याचं गणित निराळं. त्याची कमाई जमिनीतून येते आणि सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणून कापूस यायचा थांबत नाही. थांबत नाही ते कर्जही. ट्रॅक्टरचे हप्ते बाकी असतील किंवा मुलाच्या घरकर्जाला आपण सहकर्जदार असू, तर तेवढ्या रकमेचा आणि तेवढ्याच मुदतीचा विमा असावा. इथे टर्म विमा बंद करणारा माणूस काटकसरी नव्हे, बेफिकीर.

वर्धा जिल्ह्यात वाद गांधींपर्यंत जाणारच. मुंबईत एका गोडबोल्या अमेरिकन एजंटाच्या आग्रहाला भुलून त्यांनी दहा हजारांची पॉलिसी घेतली आणि पुढे जोहान्सबर्गला असताना ती बंद पडू दिली, हे त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. ईश्वर असताना बायकामुलांचं स्वावलंबन आपण का हिरावावं, असा त्यांचा विचार. हा दाखला निवृत्तांनी जपून वापरावा. गांधी तेव्हा तिशीत होते, मुलं लहान होती. कोणत्याही सल्लागाराने त्यांना विमा ठेवाच म्हटलं असतं. गरज होती तेव्हा त्यांनी सोडला. गुरुजी गरज संपल्यावर धरून बसतात. एजंटाचं गोड बोलणं तेवढं शंभर वर्षांत बदललेलं नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला तेरवीच्या खर्चाचा. पण तेरवी तेराव्या दिवशी असते. तोवर नगरपंचायतीचा मृत्यूचा दाखला, मूळ बॉण्ड, नॉमिनीचं पासबुक आणि क्लेमचा अर्ज हे सगळं जमून पैसे खात्यात येतील, यावर आचाऱ्याने विश्वास ठेवू नये. त्या कामाला जोडीदाराच्या नावासकटचं बचत खातं बरं. दुसरा आक्षेप वजनदार आहे : इतकी वर्षं भरले ते पाण्यात घालायचे? भरलेले गेले, विचार पुढच्या हप्त्यांचा करायचा. मात्र मुदत संपायला दोन-तीन वर्षं उरलेली एन्डोमेंट (मुदतीअंती पैसे देणारी) पॉलिसी मोडू नये. सरेंडर करताना जमा बोनसची पूर्ण किंमत मिळत नाही आणि जुन्या पॉलिसीवरचा अंतिम बोनसही जातो. मुदत लांब असेल तर पेड-अप करावी : हप्ते थांबतात, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते, जमलेला बोनस राहतो. ‘जीवन आनंद’ पॉलिसीवाल्यांनी तर काहीच ठरवायचं नसतं. मुदतीचे पैसे मिळाल्यावरही मूळ रकमेचं संरक्षण एक पैसा न भरता चालू राहतं; ‘पैसे तर मिळाले’ म्हणून बॉण्ड रद्दीत टाकू नये, इतकंच. कर वाचतो, हा तिसरा आक्षेप म्हणावा तर वर्षाला 4,80,000 पेन्शनवर नव्या पद्धतीत कर शून्यच येतो. शून्यातून काय वाचवणार?

खरा धोका जुन्या पॉलिसीत नाहीच. ग्रॅच्युइटी खात्यात पडते त्याच आठवड्यात बँकेतला तरुण ‘सर, चहा घेता का?’ असं विचारतो, तिथे तो सुरू होतो. पाच वर्षं भरायची नवी पॉलिसी साठीच्या माणसाला ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून दिली जाते. सही करून झालीच असेल तर बॉण्ड हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, किरकोळ वजावटीने. चहाचे पैसे त्यात धरत नाहीत.

शेवटी, ठेवा किंवा सोडा, बॉण्डवर नॉमिनी कोण आहे ते चष्मा लावून पाहावं. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर आईचं नाव असतं, आणि आईला जाऊन वीस वर्षं झालेली असतात. अशा वेळी वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. नाव बदलायचा अर्ज साधा आहे, पण त्यावर सही विमाधारकाचीच लागते. राहून गेलं तर हे काम मागच्यांना करता येत नाही.