घरचा मिस्त्री

बिडकीनच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत एक घरचा मिस्त्री असतो. वय चाळिशीच्या पुढे, पोटापाण्याला नोकरी किंवा दुकान, आणि रविवारी सकाळी हातात पक्कड. शिक्षण कोणतेही चालते. आयटीआय झालेला माणूस मात्र या वर्गात सहसा सापडत नाही, कारण त्याला काम येत असते. गावाला लागून ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिचे लोकार्पणही झाले, पण घरच्या मिस्त्रीचा कारखाना जिन्याखालच्या रंगाच्या रिकाम्या डब्यातच राहिला.

डब्यात टेफ्लॉन टेप, वाळून खडा झालेले सोल्युशन, टेस्टर, बंद रेडिओतले चुंबक आणि नको त्या मापाचे पाने असतात. खरा भरवसा सायकलच्या जुन्या ट्यूबवर. तिची पट्टी कापून गळक्या पाइपावर ताणून गुंडाळली की इलाज झाला. हा इलाज तात्पुरता असल्याचे तो स्वतःच सांगतो. काही घरांत अशी पट्टी बांधली तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी आता बारावीला आहे.

त्याचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, कारण तेव्हा कूलर माळ्यावरून खाली येतो. कूलरचे शास्त्र सोपे आहे. कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे हे यंत्र इथे एसीच्या तोंडात मारते. अट एकच, आत आलेल्या दमट हवेला बाहेर जायला वाट हवी. घरचा मिस्त्री नेमकी तीच बंद करतो. ‘गारवा बाहेर जातोय’ म्हणून तो खिडक्या लावतो, दाराखाली गोणपाट सारतो, आणि दुपारपर्यंत घरातली माणसे भिजल्यासारखी चिकट होतात. दोष अर्थातच पंपाचा ठरतो. पंप उघडला जातो. तोपर्यंत तो चांगला चाललेला असतो.

पंख्याचेही तेच. पंखा हळू फिरू लागला की बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा नवा आणून बसवायचा, एवढेच काम. पण यात खोलण्यासारखे काही नाही, म्हणून घरच्या मिस्त्रीला हे निदान पटत नाही. तो पंखा खाली उतरवतो, पाती सुटी करतो, बेअरिंगला ग्रीस भरतो आणि वर्तमानपत्रावर सगळे मांडून जेवायला बसतो. वस्तू चालू व्हावी ही त्याची दुय्यम इच्छा असते. मुख्य इच्छा आत काय आहे ते बघण्याची.

घरातली माणसे हे जाणून असतात. तो बाहेर पडला की बायको चौकातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून कंडेन्सर बदलून घेते, पैसे डाळीच्या डब्यातून देते, आणि संध्याकाळी म्हणते, “अहो, चालू झाला बरं का. तुम्ही ग्रीस टाकलं ना, त्यानंच.” तो मान डोलावतो. पुढच्या महिन्यात शेजाऱ्याचा पंखा उतरतो तो या यशामुळे.

सहलीला हाच स्वभाव बरोबर येतो. ठिकाण बहुधा पैठण. निघायचे सहाला ठरते. सहाला तो गाडीचा प्लग काढून फुंकर मारतो, मग चेन ताणतो, मग साखळीची एक कडी शोधत अंगणभर फिरतो. धरणावर खायला केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ओट्यावरच संपते. पैठणला पोचल्यावर आजीला नाथांच्या समाधीचे दर्शन हवे असते, पोरांना ज्ञानेश्वर उद्यान, आणि त्याला जायकवाडी धरणाचे दरवाजे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले, हे तो न विचारता सांगतो. दरवाजे सत्तावीस. भिंत ९,९९८ मीटर, म्हणजे पुरते दहा किलोमीटर व्हायला दोन मीटर कमी, आणि हे दोन मीटर त्याला मनापासून डाचतात. सत्तावीस दरवाज्यांतून किती पाणी कसे सोडावे याबद्दल त्याची ठाम मते असतात. त्याच वेळी घरच्या टाकीचा बॉलकॉक त्याने बसवलेला असल्यामुळे गच्चीवरून पाणी अंगणात येत असते. हिवाळ्यात धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर, रोहित पक्षी उतरतात. सगळे त्यांच्याकडे बघत असताना हा काठावरच्या कुणाच्या तरी पंपाचा फुटव्हॉल चुकीचा बसलाय हे त्या शेतकऱ्याला पटवून देत असतो.

गावातले खरे मिस्त्री मात्र त्याच्याशी फार आदराने वागतात. रस्त्यात दिसला की “काका, चहा घ्या” म्हणतात. कोणतेही यंत्र हातात घेताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आधी कुणी खोललं होतं का?” उत्तर हो आले की मजुरी दीडपट.