बेनिदोर्मची पहिली रांग

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर बेनिदोर्म नावाचं गाव आहे. तिथल्या लेव्हान्ते किनाऱ्यावर उन्हाळ्यात उजाडायच्या बेताला नगरपालिकेचे ट्रॅक्टर वाळू विंचरून परतायला लागलेले असतात आणि कठड्याशी सत्तरीच्या आसपासच्या मंडळींचा एक जथा दबा धरून उभा असतो. प्रत्येकाच्या काखेत छत्री, हातात घडीची खुर्ची. ट्रॅक्टर वळला रे वळला की गुडघेदुखी, पाठदुखी, मणक्यातली गॅप हे सगळं विसरून मंडळी पाण्याच्या दिशेने सुटतात. पहिल्या रांगेत छत्री रोवायची, खुर्ची मांडायची, खुर्चीवर टॉवेल पसरायचा आणि घरी जाऊन निवांत न्याहारी करायची. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या माणसाला या प्रकरणात नवीन काही शिकवावं लागणार नाही. नगरपालिकेने मात्र त्याविरुद्ध नियम केला आहे. मालकाविना मांडलेलं सामान कर्मचारी सरळ उचलून नेतात. त्यावर तोडगा म्हणून घरातले एक आजोबा सामानासकट मांडून ठेवतात. आजोबा उचलून नेण्याची तरतूद नियमात नाही.

बेनिदोर्म हे आलिकांते प्रांतातल्या मारिना बाइशा या तालुकावजा भागाचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात बदनाम गाव. नोंदलेली वस्ती सत्तर हजारांच्या घरात, पण ऑगस्टमध्ये त्याच्या कित्येक पट माणसं इथे वावरतात. लेव्हान्ते दोन किलोमीटरचा, पोनिएन्ते तीन किलोमीटरचा, आणि मधल्या खडकावर जुनं गाव. किनाऱ्यामागे गगनचुंबी इमारतींची अशी गर्दी, की समुद्रातून पाहणाऱ्याला वाटावं, न्यूयॉर्कचा एखादा तुकडा सुट्टीवर आलाय. सुसंस्कृत युरोपियन माणूस या गावाचं नाव काढलं की आधी नाक मुरडतो आणि मग तिथल्या हॉटेलांचे दर विचारतो.

हे सगळं घडवलं पेद्रो सारागोसा यांनी. 1950 च्या सुमारास, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते इथले महापौर झाले. गाव मच्छीमारांचं आणि खलाशांचं, नळाला पाण्याची बोंब. परदेशी पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर बिकिनी आली. हुकूमशहा फ्रँकोचा काळ, चर्चचा दरारा. बिकिनीवर दंड होत असे. सारागोसांनी गावात बिकिनीला परवानगी दिली. चर्चने त्यांना धर्मबहिष्काराचा इशारा दिला, तेव्हा ते व्हेस्पावर बसले आणि थेट माद्रिदला जनरल फ्रँकोच्या दारात जाऊन उभे राहिले. हुकूमशहाच्या भेटीला पँटवर स्कूटरच्या तेलाचे डाग घेऊन गेलो होतो, असं ते स्वतः पुढे हसत हसत सांगत. गोष्टीला तिखटमीठ किती लागलं, हा वाद आजही चालतो. बिकिनी राहिली, महापौरही राहिले, एवढं मात्र पक्कं. जाहिरातबाजीत तर हा माणूस कुणाला ऐकणारा नव्हता. उत्तर युरोपातल्या गोठलेल्या शहरांत त्यांनी बदामाच्या फुललेल्या फांद्या पाठवल्या, आणि लॅपलँडहून एक सामी कुटुंब त्यांच्या पारंपरिक पोशाखासकट बेनिदोर्मच्या उन्हात आणून फिरवलं. त्या कुटुंबाला किती घाम आला असेल, याचा विचार जाहिरातीत बसत नव्हता.

1956 साली सारागोसांनी गावाचा विकास आराखडा केला. आधी बेत होता बागा आणि बुटक्या इमारतींचा. 1963 मध्ये उंचीची अट उठली आणि इमारती वर सुटल्या. योगायोग असा, की 1956 च्याच उन्हाळ्यात सिल्व्हिया प्लाथ आणि टेड ह्यूज हे नवविवाहित कवी जोडपं मधुचंद्रासाठी इथे राहून गेलं. प्लाथने इथल्या होड्यांची आणि घरांची रेखाचित्रं काढली. म्हणजे एकीकडे गावाचं चित्र काढणं चाललं होतं आणि दुसरीकडे, नगरपालिकेत, ते गाव पुसून काढण्याचा नकाशा तयार होत होता. दोन्ही कामं कागदावरच झाली.

आता नाकं मुरडणाऱ्यांना न आवडणारी गोष्ट. नगररचनेच्या अभ्यासकांना बेनिदोर्म आवडतं. बाकीच्या किनाऱ्यावर बंगल्यांनी डोंगरच्या डोंगर खाऊन टाकले. प्रत्येक बंगल्याला बाग, तलाव, मोटार, आणि पावासाठीसुद्धा मोटार काढायची. बेनिदोर्ममध्ये माणसं एकावर एक रचली, इमारती सडसडीत आणि सुट्या ठेवल्या, त्यामुळे बहुतेकांना हवा मिळते, वितभर का होईना समुद्र दिसतो, आणि डॉक्टर, दारू, समुद्र, चर्च सगळं पायी गाठता येतं. समाजशास्त्रज्ञ मारिओ गाव्हिरिया यांनी तर या गावाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घालावं असा आग्रह धरला होता. ही कल्पना ऐकून ज्यांच्या हातातला वाइनचा प्याला हिंदकळला, त्यांचा बहुधा मागच्या डोंगरावर बंगला असावा.

उंचीची हौस मात्र कधीकधी अंगाशी येते. 2002 मध्ये उघडलेलं ग्रान होतेल बाली 186 मीटर उंच. काही वर्षं ती स्पेनमधली सर्वांत उंच इमारत होती. त्यावर कडी करायला 2007 मध्ये इनतेम्पो नावाचे सत्तेचाळीस मजली जुळे मनोरे उभारायला घेतले. वरच्या अंगाला दोन्ही मनोरे एका उलट्या शंकूने जोडलेले, जणू कुणी मधे हिरा अडकवून ठेवलाय. मंदी आली, बिल्डर बुडाला, काम अडलं. 2013 मध्ये जगभर बातमी फिरली, की या सत्तेचाळीस मजल्यांत लिफ्टच ठेवायची राहून गेली! बातमी खोटी होती. लिफ्टची सोय होती, पण लोकांना तसं मानायचंच नव्हतं. बेनिदोर्मबद्दल काहीही सांगा, खपतं. इमारत अखेर 2021 मध्ये पुरी झाली, आणि लिफ्टने वर जाणारी माणसं आजही लिफ्टमध्येच एकमेकांना ती गोष्ट सांगतात.

हिवाळ्यात गावाचा रंग पालटतो. पर्यटन ओसरलेल्या महिन्यांत हॉटेलं रिकामी पडू नयेत आणि निवृत्तांनाही हिंडता यावं म्हणून स्पेन सरकारने 1985 पासून सवलतीच्या सहली सुरू केल्या. इमसेर्सो या सरकारी संस्थेच्या नावानेच त्या ओळखल्या जातात. कास्तिया, गालिसिया, बास्क प्रांतातून बसगाड्या भरून आजीआजोबा येतात. सकाळी कोट घालून किनाऱ्यावरच्या पथावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, दुपारी डॉमिनोच्या सोंगट्या आपटायच्या, संध्याकाळी नाचायचं. मारिया हेसुस या बाईंचं ॲकॉर्डियन ही या संध्याकाळींची संस्था. पाखरांसारखे हात फडफडवत करायचा तो नाच त्यांनी इथे कित्येक पिढ्यांकडून करून घेतला. ऐंशीच्या घरातल्या, नात्यागोत्यात दबदबा असलेल्या एखाद्या आजीने कोपर हलवत चोचीचा अभिनय करताना पाहिलं, की स्पॅनिश प्रौढत्वाबद्दलच्या गंभीर कल्पना गळून पडतात.

एवढ्या अस्सल स्पॅनिश गर्दीच्या मधोमध बसून परदेशी पर्यटक विचारतो, ‘इथे खरा स्पेन कुठे पाहायला मिळेल?’ त्याच्यासाठी हॉटेलच्या स्वागतकक्षात एक रंगीत पत्रक तयारच असतं, आणि त्यावर नाव असतं ग्वादालेस्त.

बस आत वळते, डोंगर चढते. वाटेत ला नुसिया लागतं, पोलोप लागतं. पोलोपच्या चौकात 221 तोट्यांचं कारंजं आहे. एका माणसाला तहान लागायची आणि तोट्या 221. कुठली निवडावी या विवंचनेत पाच मिनिटं सहज जातात. पुढे कायोसा. इथल्या उतारांवर लोकाटाच्या बागा जाळ्या पांघरून बसलेल्या. पिवळसर, रसाळ फळ, आत गुळगुळीत तपकिरी बिया, आणि साल इतकी नाजूक की नुसतं बोट लागलं तरी डाग पडावा. इथल्या लोकाटाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याचा जॅम, मद्य, मध आणि इतर जे जे करता येईल ते सगळं दुकानात मांडलेलं असतं. जवळच आल्गारचे धबधबे. पाणी बारमाही साधारण सतरा अंशांचं. ऑगस्टच्या भर उन्हात मोठ्या आविर्भावात त्यात उडी मारणारा माणूस ज्या सुरात वर येतो, तो सूर कुठल्याही भाषेत एकच असतो.

आणि मग ग्वादालेस्त. कड्यावर किल्ला, खडकाच्या सुळक्यावर एकटाच उभा पांढरा घंटाघर-मनोरा, आणि आत शिरायला खडक पोखरून केलेलं भुयारी दार. 1644 च्या भूकंपाने किल्ला खिळखिळा केला, 1708 मध्ये स्पेनच्या वारसायुद्धात सुरुंगाने उरलंसुरलं उडवलं. गावात राहणारी माणसं अडीचशेच्या आसपास. पाहायला येणारी मात्र बसमागून बस.

अडीचशे लोकांच्या या खऱ्या स्पेनमध्ये काय पाहायचं? संग्रहालयं. एक आहे मीठदाण्या आणि मिरपूडदाण्यांचं. वीस हजारांहून अधिक जोड्या. टोमॅटोच्या, कोंबड्यांच्या, सांताक्लॉजच्या, जाड्या आचाऱ्यांच्या. सांताक्लॉजच्या टोपीतून मीठ पाडणारा माणूस कोण असतो आणि त्याच्या घरी जेवायला कोण जातं, हे प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. दुसरं मध्ययुगीन छळाच्या हत्यारांचं. बसमध्ये मुलांना सांभाळत आलेले पालक त्यात जरा जास्तच रेंगाळतात. तिसरं सूक्ष्मकलेचं. तिथे भिंगाला डोळा लावायचा. सुईच्या नेढ्यातून उंट जाताना दिसतो, तांदळाच्या दाण्यावर चित्रकार गोयाचं गोळीबाराचं भव्य चित्र दिसतं, आणि माशीच्या पंखावर त्याचीच विवस्त्र ‘माहा’ पहुडलेली दिसते. मागे रांग खोळंबलेली असते, भिंगाशी वाकलेले गृहस्थ हलत नाहीत, आणि बायको खांद्यावर टिचकी मारून म्हणते, ‘पुरे आता, कलेचा अभ्यास.’ माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मूळ चित्रापुढे एवढी निष्ठा क्वचितच पाहायला मिळते.

म्हणजे किनाऱ्यावर स्पॅनिश माणसं स्पॅनिश रीतीने आरडाओरडा करत भात खात बसलेली, आणि डोंगरात शांत, देखणं, पर्यटकांसाठी झाडून-पुसून ठेवलेलं गाव. यातलं खरं कुठलं, यावर पैज लावायची झाली तर शहाण्याने वाळूवर लावावी.

ग्वादालेस्तच्या कड्यावरून खाली निळंहिरवं धरण दिसतं. तिथे सगळे फोटो काढतात, आणि ‘तळाच्या त्या भयंकर बेनिदोर्मपेक्षा हे किती निर्मळ!’ असं एकमेकांना सांगतात. ते पाणी बेनिदोर्मचंच आहे. किनाऱ्यावर पाण्याची ददात जुनी. 1978 च्या दुष्काळात तर जहाजांतून पाणी आणावं लागलं होतं. त्याच सुमारास आसपासच्या गावांनी मिळून पाणीसंघ उभा केला आणि शेतकऱ्यांशी साधा सौदा केला: तुमचं डोंगरातलं गोडं पाणी आम्हाला द्या, आमचं सांडपाणी शुद्ध करून आम्ही तुमच्या बागांना देतो. त्यामुळे दुपारी ज्या निळाईचे पंचवीस फोटो काढले, ती संध्याकाळी हॉटेलच्या शॉवरमधून पर्यटकाच्याच डोक्यावर पडते. आणि त्याच्या आंघोळीचं पाणी शुद्ध होऊन, कुठल्या तरी संत्र्याच्या मुळाशी जाऊन, पुढच्या वर्षी न्याहारीच्या ग्लासात त्याच्यापुढे येऊ शकतं. पत्रकात हे छापलेलं नसतं.

याच डोंगरांत तार्बेना नावाचं छोटं गाव आहे. 1609 मध्ये राजाने मोरिस्को लोकांना, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकलून दिलं तेव्हा खोरी ओस पडली, आणि इथे मायोर्का बेटावरून माणसं आणून वसवली. चारशे वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यात बेटाची लकब आणि जेवणात बेटाचं लालभडक सॉसेज अजून टिकून आहे. बस तिथे थांबत नाही. संग्रहालयं कमी पडतात.

परत किनाऱ्याला लागून, बेनिदोर्मच्या शेजारी वियाहोयोसा. लाल, निळी, पिवळी घरं समुद्राकडे तोंड करून. मच्छीमाराला दुरून आपलं घर ओळखू यावं म्हणून रंगवलेली, असं सांगतात. गाव चॉकलेटचं. व्हालोर कंपनी 1881 पासून इथली. इथलं चॉकलेट प्यायचं म्हणतात, पण कपात चमचा उभा राहतो. हे पेय आहे की बांधकामाचं साहित्य, हे पहिल्या घोटाला ठरत नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इथे ‘मूर आणि ख्रिस्ती’ यांचा उत्सव रंगतो. 1538 मध्ये बर्बर चाच्यांनी गावावर हल्ला केला आणि सांता मार्ताच्या कृपेने नदीला पूर येऊन शत्रू वाहून गेला, ही त्यामागची श्रद्धा. पहाटेच्या अंधारात होड्यांमधून मूर उतरतात, किनाऱ्यावरून बंदुकीच्या दारूचा दणदणाट, धुराने समोरचं दिसेनासं होतं. उजाडल्यावर मूर जिंकतात आणि किल्ला घेतात. संध्याकाळी ख्रिस्ती तो परत घेतात. दरवर्षी हेच. निकाल आधीच ठाऊक असूनही मूर व्हायला माणसं कधी कमी पडत नाहीत, कारण पिसं, तलवारी, रेशीम आणि दाढ्या सगळ्या त्यांच्याच बाजूला. दोन लढायांच्या मधे वेळ उरतो तो स्पॅनिश रीतीप्रमाणे जेवणात घालवतात. विजेते आणि होऊ घातलेले विजेते एकाच मंडपात भातावर तुटून पडलेले असतात, आणि सकाळी किल्ला हरलेला कुणी ख्रिस्ती सरदार चाच्याला म्हणत असतो, ‘दाढी सांभाळ, भातात बुडतेय.’