२.३चा हॅम्लेट

"अनघा, मेथीला पाणी नंतर घाल गं. आधी इकडे ये, कुंपणाजवळ. समोरच्या नीलिमाचं कळलं का?"

"नाही हो शीलाताई. काल ओक ट्री रोडवर भाजी घेताना दिसली, पण बघून न बघितल्यासारखं केलं."

"करणारच! चिरंजीव कॉम्प्युटर सायन्स सोडून नाटक शिकायला निघालेत."

"ओम? गणपतीच्या नाटकात पोस्टमन झालेला?"

"तोच. दीड मिनिटाचा पोस्टमन, पण टाळी घेऊन गेला. आणि जीपीए माहितेय? २.३!"

"चारपैकी? अहो, नीलिमा तर 'डीन्स लिस्ट, डीन्स लिस्ट' करत होती."

"ती पहिल्या सेमिस्टरपुरती. पुढे कॅल्क्युलसचे तास बुडवून तालमी चालल्या होत्या, ते घरी कुणाला ठाऊक?"

"मग अशा मार्कांवर त्याला कोण घेणार? नाटकाच्या शाळांत म्हणे देशभरातली पोरं येतात."

"येतात ना. जुलियार्डसारख्या नाट्यशाळेत अख्ख्या वर्गात वीसेक जण. पण तिथे आधी काम बघतात. निदान दोन स्वगतं करायची, एक शेक्सपिअरच्या वळणाचं, एक आजकालचं. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो आवडला तर हिवाळ्यात प्रत्यक्ष ऑडिशन. माझ्या भाचीच्या वेळी सगळं पाठ झालंय मला."

"म्हणजे मार्कांची भीती नाही!"

"असं कुठे म्हटलं मी? टिशला, म्हणजे एनवाययूत, मार्कांचीही तेवढीच झडती होते. ऑडिशनवाले 'वा वा' म्हणतील आणि ॲडमिशनवाले नाही म्हणतील. ज्या त्या ठिकाणी आधी विचारून घ्यावं."

"मग वर्षभर नेटानं अभ्यास करून जीपीए वर काढावा की."

"हिशेब कर. साठ क्रेडिट झालीत २.३नं. पुढची तीस सगळी 'ए'नं काढली, तरी गाडी २.८७वर थांबते. मागचं ओझं जड असतं गं."

"अगंबाई! मग करायचं काय?"

"इथल्या मिडलसेक्स कॉलेजात जावं. कम्युनिटी कॉलेजात जीपीएची पाटी कोरी मिळते. तिथे इंग्रजी, इतिहास, भाषणकला घेऊन चांगले मार्क आणावेत. उतरत्या मार्कांपेक्षा चढते मार्क बघायला बरे वाटतात."

"आणि जुनं मार्कशीट दाखवायचंच नाही!"

"ए बाई, असलं काही शिकवू नकोस त्याला. जिथे जिथे शिकला तिथलं ट्रान्सक्रिप्ट द्यावंच लागतं. लपवलं आणि पुढे उघडकीला आलं तर मिळालेली जागाही जाते. त्यापेक्षा निबंधात चार ओळींत सांगून टाकावं, घसरलो, आता हे करतोय. रडगाणं नको."

"पण दोन वर्षं तर झालीच आहेत. उरली दोनच."

"तिथेच तर मेख आहे! अभिनयाचा वर्ग पहिल्या दिवसापासून एकत्र घडवतात, मधेच कुणाला घुसवत नाहीत. बहुतेक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून चार वर्षं. जुनी क्रेडिट्स इंग्रजी-इतिहासापुरती कामाला येतात. म्हणजे फीचा आकडा बघ. नीलिमाच्या नवऱ्याची झोप त्या २.३नं नाही, या चारनं उडालीये."

"आणि ओम काय म्हणतो?"

"तो सुपरमॅनचा दाखला देतो. ख्रिस्तोफर रीव्ह कॉर्नेल सोडून जुलियार्डला गेला, १९७३ साली, रॉबिन विल्यम्सच्या बरोबरीनं."

"मग बापाची बोलती बंद!"

"छे! बाप म्हणाला, कॉर्नेलनं त्याचं जुलियार्डचं पहिलं वर्षच शेवटचं वर्ष म्हणून धरलं, डिग्री हातात पडली. तू आधी डिग्री आण, मग उड."

"बरोबरच आहे की त्यांचं."

"अर्धं बरोबर. न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाचं मेसन ग्रॉस कलाविद्यालय आहे, घरापासून वीस मिनिटांवर. तिथली पोरं तिसऱ्या वर्षी लंडनला शेक्सपिअरच्या ग्लोबमध्ये शिकायला जातात. ऑडिशन तिथेही आहेच. नाही जमलं तर ऑडिशनशिवायचं साधं बी.ए. थिएटर करता येतं. पण हे दोघं नवराबायको फक्त आकडा घेऊन भांडताहेत. पोराचा जीपीए त्यांना दशांशासकट पाठ आहे, स्वगत मात्र एकदाही ऐकलेलं नाही!"

"अहो, मग रविवारी माझ्याकडे बोलवू या का? चहापोहे करते, ओम दोन्ही स्वगतं म्हणून दाखवेल."

"बोलाव. फक्त त्याला सांग, हॅम्लेट नको, ते दर तिसरं पोरगं करतं. आणि बापाला पुढच्या रांगेत बसवू नकोस हं, तो मधेच फी विचारेल."